फ्यूज मागणारा कुंडलिक

पिंपरी पेंढारचा कुंडलिक नेव्हीतून सुटून घरी आला, तेव्हा लोकांना वाटलं की आता हा बुलेट घेणार आणि पारावर बसून जहाजांच्या थापा मारणार. त्यानं दोन्ही केलं नाही. तो नारायणगावात आमच्या दुकानात आला आणि म्हणाला, "शेठ, तुमी मोटारी इकता. इकडच्या विहिरींवर मोटारीला करंट कुठनं कुठनं येतो, तेवढं मला दाखवा." चौऱ्याण्णव सालची गोष्ट. मी तेव्हा नुकताच दुकानात बसायला लागलो होतो. माझे वडील, हस्तीमल, गादीवरूनच म्हणाले, "पारस, दाखव त्यांना. घेणार काही नाहीत, पण दाखव."

घेतलं त्यानं खरंच काही नाही. दुपारपर्यंत बसला, स्टार्टर उघडून बघितला, फ्यूज काढला, घातला, पुन्हा काढला. ऑटोचं बटण कशाला असतं ते विचारलं. मी सांगितलं, की लाईट कधी येईल याचा इथे नेम नाही, म्हणून शेतकरी ऑटो लावून घरी झोपतो. लाईट आली की मोटार आपोआप चालू होते. हे ऐकून त्यानं ऑटोचं बटण पुन्हा एकदा दाबून बघितलं. मग म्हणाला, "म्हंजे मालक घरी आन् मोटार चालू. लई वाईट." मला हसू आलं. आमच्या धंद्यात ऑटो हा सगळ्यात खपणारा माल होता.

कुंडलिक नेव्हीत पाणबुड्या होता. जहाजाच्या पोटाखाली जायचं, पंख्याला काय अडकलंय ते काढायचं, तळाशी पडलेलं शोधायचं. तिथले किस्से तो सांगत नसे, नियम मात्र सांगे. जहाजाखाली माणूस उतरण्याआधी इंजिनाच्या किल्ल्या वरच्या साहेबाच्या खिशात आल्या पाहिजेत. जहाज बंद आहे असं नुसतं तोंडानं सांगितलेलं चालत नाही. दोरीवर एक माणूस, त्यानं बोलायचं नाही की इकडेतिकडे बघायचं नाही. आणि दुसरा पाणबुड्या काठावर कपडे उतरवून तयार, त्याच्या पोटात चहासुद्धा नसावा. एवढं असेल तर उतरायचं, नाहीतर घरी जायचं.

आता जुन्नर तालुक्यात कुठलं आलंय जहाज? पण विहिरी आहेत, पाण्यातल्या मोटारी आहेत, आणि मोटारीचा पाइप तुटला की ती जाते तळाला. विहिरीत उडी घेतलेल्या सुना आहेत. आधी हे काम कसं व्हायचं? एखाद्या बेवड्याला पावशेर पाजायची आणि कमरेला सोल, म्हणजे जाड दोर, बांधून सोडून द्यायचा. वर आला तर आला. कुंडलिकानं मुंबईहून जुनं सिलिंडर आणलं, ते भरून आणायलाही तो मुंबईलाच जायचा, आणि लोक त्याला बोलवायला लागले. बोलवायचे आणि हसायचे.

हसायचे ते त्याच्या तऱ्हेला. विहिरीवर आला की पहिलं वाक्य ठरलेलं, "फ्यूज द्या." विहिरीवर जेवढ्या मोटारी, तेवढ्यांचे फ्यूज. लाईट नसली तरी द्या. मालक म्हणायचा, "अहो नेव्ही, लाईटच न्हाई तर फ्यूज कशाला?" हा म्हणायचा, "मंग काढायला काय जातंय?" तंबाखू थुंकून या, पोरं लांब न्या, दोरीपाशी बोलू नका. कुणीतरी म्हणायचं, "विहिरीचं लगीन लावायचंय का राव?" आणि सगळे खिदळायचे. हा मान खाली घालून दोरीच्या गाठी तपासत बसायचा. मला त्याचा राग यायचा. एक सणसणीत शिवी हासडायला काय हरकत होती?

सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात येडगाव धरणाच्या खाली एक नवरदेवाचा भाऊ वाहून गेला. पाणी सोडलेलं होतं, धार सुटलेली. पाहुणे कुंडलिकाला जीपमध्ये घालून घेऊन आले. त्यानं पाणी बघितलं आणि म्हणाला, "दारं बंद झाल्याबिगर मी उतरनार न्हाई. गेलेला गेलाय. त्याच्यापायी दुसरा घालवायचा न्हाई." हे खरं होतं. पण मेलेल्याच्या आईसमोर कुणी असं बोलतं का? त्या बाईनं खाली पडलेलं शेण उचललं आणि ह्याच्या तोंडावर मारलं. मेलेल्याच्या मामानं कानफटात दिली. नेव्हीवाला म्हणे भेकड निघाला. तो तोंड धुऊन तिथेच दगडावर बसून राहिला, आणि दुसऱ्या दिवशी दारं बंद झाल्यावर उतरून त्यानं प्रेत काढून दिलं. कुणी त्याला पाण्याचा तांब्यासुद्धा विचारला नाही. घरी तो एस्टीनं आला.

दोरीवर तो गावातलेच गडी घ्यायचा. एकदा वारूळवाडीच्या विहिरीत असताना दोरीवरच्या शहाण्यानं दोरी बैलगाडीच्या जुवाला बांधली आणि चहाला गेला. हा खालून हिसके देतोय, वर कुणी नाही. कसाबसा स्वतःच वर आला. त्या दिवसापासून दोरी धरायला त्याची बायको आली. प्रयागबाई. अंगानं बारीक, पण कांद्याची गोणी एकटीनं उचलणारी. एक हिसका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे दोरी सोड, चार म्हणजे ओढून काढ, हे ती शिकली. पदर खोचून, पाय रोवून विहिरीच्या कठड्यावर बसायची आणि बुडबुड्यांवरची नजर हलवायची नाही. फ्यूज तिच्या ओटीत असायचे.

मग तर गावाला चेवच चढला. "नेव्ही बायकोच्या कासऱ्याला हाय," म्हणायचे. बैलाला बांधतात तो कासरा. त्याच्या तोंडावर म्हणायचे, तिच्यासमोर म्हणायचे. त्यांना एक मुलगी, आरती, पेठ गावाला दिलेली. तिच्या सासरीही हे पोचलं. प्रयागबाई मला एकदा म्हणाली, "म्हनू द्या. कासरा माझ्या हातात हाय तवर त्यो घरी येतोय ना?" काठावर तयार राहायला त्यानं जानकूला शिकवलं होतं. जानकू धरणात मासे धरणारा, चाळिशीचा गडी, माशासारखा पोहणारा. ह्या दोघांशिवाय कुंडलिक पाण्यात पाय घालत नसे.

आता दोन हजार तीनचा उन्हाळा. दुष्काळ असा, की विहिरींचं पाणी बघायला लोक सकाळी उठून जायचे. कुंडलिकाची स्वतःची विहीर भावकीत होती, तिघांची. एक वाटा त्याचा, एक त्याचा थोरला चुलतभाऊ गेणभाऊ याचा आणि एक धाकटा चुलतभाऊ भागू याचा. तिघांच्या तीन मोटारी. पाणी पाळीनं भरायचं, आज ह्याची पाळी, उद्या त्याची. आणि दुष्काळात दुसऱ्याच्या पाळीचं पाणी चोरणं म्हणजे काय, ते शहरातल्या माणसाला समजणार नाही. बाई पळवली तरी भावकी एक वेळ गप्प बसेल.

एप्रिलात गेणभाऊच्या मोटारीचा पाइप तुटला आणि मोटार तळाशी जाऊन कपारीत अडकली. कांदा पोसायच्या वेळेला. गेणभाऊ आमच्याकडून चेन पुल्ली आणि ती टांगायचं तीन वाशांचं तिकाटणं घेऊन गेला, सोबत मीही माझ्या एम-एटी गाडीवर गेलो, कारण आमचा माल लोक वेडावाकडा वापरतात. कुंडलिकानं खाली जाऊन मोटारीला हूक लावायचा, वरून आम्ही साखळीनं ओढायची, एवढंच काम. घरच्याच विहिरीत. प्रयागबाई दोरी घेऊन बसली होती, जानकू चड्डीवर काठावर होता. लाईट नव्हती.

कुंडलिक म्हणाला, "फ्यूज द्या." स्वतःच्या मोटारीचे त्यानं आधीच काढले होते. गेणभाऊनं आपले दिले. भागूनं आपले दिले. भागू हसतमुख माणूस, गावात सगळ्यांच्या अडीनडीला धावणारा. कुंडलिकानं तिन्ही जोड्या बायकोच्या ओटीत घातल्या आणि भागूकडे बघून विचारलं, "आजून काय हाय का विहिरीत? कुणाची वायर, काय बी?"

भागू म्हणाला, "काय असनार? तीन वाटं, तीन मोटारी."

तेव्हा गेणभाऊनं डोक्याची टोपी सारखी केली आणि म्हणाला, "कुंडलिक, पायजे तर बेल-भंडारा उचलू. तुझ्या मनात कायबाय नको." खंडोबाचा भंडारा तळहातावर घेऊन बोललेलं खोटं निघत नाही, निघालं तर घर बसतं, ही आमच्याकडची रीत. नुसतं तोंडानं खोटं बोलायला इथे कुणाची जीभ अडत नाही. बाजारात दिवसभर बोलतात, माझ्याशीही बोलतात. पण भंडारा हातावर असला की भले भले ततपप करतात.

कुंडलिक हसला. "शपतीवर पाण्यात जात न्हाईत दादा. फ्यूज मिळालं, झालं." नेव्हीनं त्याला हेच शिकवलं होतं. बोलण्यावर जाऊ नको, हातात काय आलं ते बघ. मागितलं होतं तेवढं सगळं त्याच्या हातात आलं होतं. भागूच्या तोंडावरचा घाम मी बघितला. एप्रिलचं ऊन होतं, घाम सगळ्यांनाच होता.

तो उतरला. बुडबुडे कपारीच्या बाजूला सरकले, एक हिसका आला, ठीक. थोड्या वेळानं दोन हिसके, दोरी सोड. प्रयागबाईनं दोरी सोडली. मग गेणभाऊच्या खोपटातला दिवा लागला. लाईट आली. कुणी काही बोललं नाही, बोलायचं नाही हा नियमच होता, आणि फ्यूज तर ओटीत होते.

दोरी एकदम ताठ झाली. हिसका नाही, नुसती थरथर. मग एक अर्धवट ओढ. प्रयागबाई ओढायला लागली. दोरी येईना. कपारीत तुटक्या पाइपाला वेढा पडला होता. ती म्हणाली, "जानकू." एवढंच. जानकू विहिरीच्या पायऱ्यांवरून धावत खाली गेला आणि पाण्यात कमरेएवढा उतरताच गुरासारखा ओरडला. त्याच्या हाताला वरच्या पायरीचा दगड लागला म्हणून आम्ही त्याला उचलून काढू शकलो. त्याचे दात वाजत होते. "करंट," म्हणाला, "पाण्यात करंट हाय."

प्रयागबाईनं ओटीतून फ्यूज काढून सगळ्यांसमोर धरले. "तिन्ही हितं हायत. मंग कुणाची चालू हाय? कुणाची हाय ती बंद करा."

कुणी हललं नाही. गेणभाऊ माझ्याकडे बघतोय, मी त्याच्याकडे. भागू म्हणाला, "वहिनी, वरच्या लाईनीतूनच उतरला आसंल. शेठ, तुमच्याकडं गाडी हाय, तुमी डीपी पाडा. जोरात जावा."

डीपी, म्हणजे जिथून सगळी लाईन बंद करता येते तो ट्रान्सफॉर्मर, गावाच्या त्या अंगाला, ओढ्यापलीकडे. मी निघालो. निघताना पाण्याकडे बघितलं. बुडबुडे येत होते. तुटक, मध्येच थांबून, पण येत होते. म्हणजे कुंडलिक जिवंत होता. ढेकळांतून, पाण्याच्या चाऱ्यांतून मी ती गाडी कशी हाणली ते माझं मला माहीत. दोनदा पडलो. डीपीचा दांडा बांबूनं खाली ओढला आणि तसाच परत फिरलो.

आलो तेव्हा खोपटातला दिवा विझलेला होता आणि जानकू खाली गेलेला होता. पाणी सपाट होतं. प्रयागबाई दोरी धरून तशीच बसली होती, आणि भागू तिच्यामागे उभा राहून तीच दोरी धरू लागला होता, मदतीला. जानकूनं वेढा सोडवला आणि आम्ही ओढलं. कुंडलिकाचे दात सिलिंडरच्या रबरी नळीत असे रुतले होते, की ती तोंडातून काढता येईना.

त्याला गावातून आणलेल्या जीपमध्ये घालताना जानकूनं मला बाजूला घेतलं. खाली आणखी एक मोटार होती. बारकी, पाण्यातली, कपारीच्या आत टांगलेली, वायरीला चिकटपट्टीचे जोड. वायर दगडांच्या सांदीतून वर जाऊन विहिरीमागच्या बांधावर निघत होती. तिथे भागूच्या कडब्याच्या गंजीखाली स्टार्टर होता, ऑटोवर लावलेला, आणि बाभळीवरून आकडा लाईनीवर टाकलेला. विहिरीच्या कठड्यावरून हाक मारली तर ऐकू येईल एवढ्यावर. चोरून पाणी भरायची मोटार, तिला वाट्याचा फ्यूज कुठला असणार?

मी जुन्नरला दवाखान्यात त्यांच्यासोबत गेलो. दुपार टळल्यावर आमची चेन पुल्ली घ्यायला विहिरीवर परत आलो, तर गेणभाऊ आणि भागू दोघं मिळून साखळी ओढत होते. गेणभाऊची मोटार वर काढून ठेवलेली होती. साखळीला आता ती दुसरी होती. आमच्याच पुल्लीवर, कुंडलिकासाठी उभ्या केलेल्या तिकाटण्यावर. मोटार कठड्यावर आली, तशी गेणभाऊनं भागूच्या मुस्काटात भडकावली. मला वाटलं, आहे, माणसात अजून काहीतरी आहे.

गेणभाऊ म्हणाला, "किती दिस माझ्या पाळीचं पाणी वढत व्हतास, भडव्या?"

पाण्यासाठी मारलं त्यानं. मी मुंगी मारायला भिणाऱ्या घरातला माणूस. पण त्या क्षणी पुल्लीचा हूक उचलून दोघांच्या टाळक्यात घालावा असं मला वाटलं. मला बघून गेणभाऊनं टोपी सारखी केली. "शेठ, तुमी धंद्याचं मानूस. भावकीचं भावकीत ऱ्हाऊ द्या. गेलेला काय म्हागारी येतोय?"

दुसऱ्या दिवशी पोलीस पंचनाम्याला आले. मी हवालदाराला सगळं सांगितलं, मोटार, आकडा, गंजी. तो म्हणाला, "दाखवा." मी बांधावर नेलं. गंजी होती, बाकी काही नव्हतं. भावकीतल्या पंचांनी सांगितलं, की नळी तोंडातून सुटली असेल, वय झालं होतं. एकानं तर म्हटलं, "बाईच्या हातात दोर दिल्यावर आनखी काय व्हनार?" ते प्रयागबाईच्या कानावर गेलं. जानकूला मी सांगितलं, साहेबापुढे बोल. तो म्हणाला, "बोलतो की. पन मंग ह्या गावात मला कोन उभं करील?" आणि बोलला नाही. मात्र प्रयागबाईला त्यानं आधीच सगळं सांगून टाकलं होतं.

कुंडलिकाला मुलगा नव्हता. मडकं कोण धरणार यावर भावकी बसली. गेणभाऊ वयानं मोठा, मोठ्यानं धाकट्याचं करायचं नसतं. राहिला भागू. त्यानं मडकं धरलं, त्यानंच अग्नी दिला, रडलाही. लोक म्हणाले, सख्ख्या भावानं करणार नाही एवढं भागूनं केलं. प्रयागबाई तोंडातून अवाक्षर काढेना. तिला बोलती करावी म्हणून बायकांनी तिच्या पाठीत बुक्क्या मारल्या, तरीही नाही.

दहाव्याला आम्ही ओढ्यावर जमलो. आरती, तिच्या सासरची माणसं, सगळी भावकी. भागू दगडावर बसला होता आणि न्हावी त्याचं डोकं भादरत होता. अर्धं झालं होतं, अर्ध्यावर केस होते. प्रयागबाई बायकांतून उठली आणि त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. गेणभाऊ पुढे झाला, पण तिनं हात केला तसा थांबला. मला वाटलं, आता ही ओरडेल, आता सगळ्यांसमोर सगळं बाहेर काढेल. मी त्याची वाट बघत होतो, खोटं का बोलू?

ती हळूच बोलली, घरात दिराशी बोलावं तशी. "भागू भाऊजी, पळायचं बी काम नव्हतं. गंजीपातुर चालत गेला आसता तरी भागलं आसतं. त्ये लई येळ जीव धरून व्हते."

भागूनं मान वर केली. न्हाव्यानं ती पुन्हा खाली दाबली आणि उरलेले केस काढायला घेतले.